लेकरांच्या मापाची खोली: विशेष शिक्षणाच्या वर्गात काय लागतं आणि किती

नवा विशेष शिक्षक रुजू झाला की त्याच्या हातात बहुधा दोन किल्ल्या पडतात. एक खोलीची, दुसरी कपाटाची. कपाट उघडावं तर पाकिटासकट ठेवलेले ठोकळे, दोऱ्यात कधीच न गेलेले मणी आणि घडीसुद्धा न उलगडलेली चाकाची खुर्ची. वस्तू डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, चढलेली असते. मोडली तर जाब कोण देणार, म्हणून ती जपली जाते आणि लेकरू रिकाम्या हातानं सतरंजीवर बसून राहतं.

पुढची माहिती आठ ते दहा लेकरांची एक खोली धरून दिली आहे. जिल्हा परिषद शाळेतला संसाधन कक्ष असो की विशेष शाळेतला वर्ग, सुरुवात सारखीच करावी लागते. क्रमही तोच ठेवा: आधी बसणं, मग बोलणं, मग हातांचं काम. हा क्रम उलटला की महागातलं साहित्यही वाया जातं. पाय अधांतरी लोंबकळणाऱ्या लेकराच्या हातात मणी दिले, तर त्याची निम्मी ताकद न पडण्यातच खर्च होते.

पहिला आठवडा: खरेदी नाही, मोजमाप

एक दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक लेकराला त्यातली दोन पानं द्या. वर नाव, वय, यूडीआयडी (दिव्यांगत्वाचं ओळखपत्र) कार्ड आहे की नाही, फिट येते का, कोणतं औषध चालू आहे. त्याखाली लेकरू कसं बसतं, कुठल्या हातानं उचलतं, पाणी हवं असलं की काय करतं, शू लागल्याचं कसं कळतं, कशानं खुलतं, कशानं बिथरतं. हे प्रमाणपत्रात सापडत नाही. आईला विचाराच, पण त्याआधी आजीला विचारा. आईबाप रानात असतात तेव्हा दिवसभर लेकरू तिच्याच नजरेखाली असतं.

मग शिंप्याचा टेप घेऊन चार मापं: गुडघ्यामागच्या घडीपासून टाचेपर्यंत, पाठीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत, बसल्यावर कुल्ल्यांची रुंदी, आणि आसनापासून कोपरापर्यंतची उंची. पहिल्या मापाएवढी खुर्चीची उंची हवी. दुसऱ्या मापातून दोन बोटं वजा केली की बैठकीची खोली मिळते. ही दोन बोटं सोडली नाहीत तर खुर्चीची कड गुडघ्यामागे रुतते आणि लेकरू पुढे घसरत राहतं. आपण त्याला "नीट बस" म्हणत राहतो, चूक खुर्चीची असते.

शाळेतली खुर्ची ३८ सेंटिमीटर उंच आणि लेकराचा पाय २८ सेंटिमीटर, असं बऱ्याचदा असतं. नवी खुर्ची लागत नाही, पायाखाली १० सेंटिमीटरचा पाट लागतो. सुताराकडून चार-पाच फळ्यांचा, एकावर एक स्क्रू मारलेला पाट करून घ्या, म्हणजे लेकरू वाढेल तशी एकेक फळी काढता येते. विटा ठेवू नका, सरकतात. पाटाच्या बुडाला सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे ठोकले की तो फरशीवर हलत नाही.

बसल्यावर कंबर, गुडघा आणि घोटा तिन्ही काटकोनात आले पाहिजेत आणि टेबल कोपराच्या उंचीला. टेबलाला पोटाच्या बाजूनं अर्धगोल कापून घेतलं तर दोन्ही हात टेकवायला जागा मिळते.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या लेकराची बैठक

मेंदूला इजा झाल्यानं या लेकराचे स्नायू ताठरतात किंवा ताब्यात राहत नाहीत, म्हणून इथे घाई नको. कोपऱ्याची बैठक, म्हणजे दोन फळ्या काटकोनात जोडून केलेली पाठ, १८ मिलिमीटरच्या प्लायमध्ये स्थानिक सुतार एका दिवसात करून देतो. पण माप देताना तीन गोष्टी कागदावर लिहून द्या. पाठीची उंची खांद्यापर्यंत; मान सावरत नसेल तर कानाच्या वरपर्यंत. दोन मांड्यांच्या मध्ये फोम गुंडाळलेला खुंट, म्हणजे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत नाहीत. आणि पट्टा. तो पोटावरून घेतला तर लेकरू खालून घसरतं, वर सरकलेला पट्टा छातीला, गळ्याला लागतो. पट्टा मांडी आणि कंबर जिथं मिळतात तिथून, खाली तिरका ओढलेला असावा.

बैठक तयार झाली की वापराआधी एकदा फिजिओथेरपिस्टला दाखवा. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे लेकरांच्या लवकर तपासणी-उपचाराचं केंद्र, असेल तर तिथे हे काम होतं. एकाच बैठकीत सलग ३० मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. उतरवल्यावर मांडीच्या मागे, माकडहाडाजवळ लाल डाग दिसतो का बघा. वीस मिनिटांत डाग गेला नाही तर ती जागा टोचते आहे, तिथला फोम बदला. उन्हाळ्यात रेक्झिन चटके देतं आणि घामानं कातडी सोलते. त्यावर सुती पंचा टाकायचा आणि रोज धुवायचा.

याच वेळी रॅम्पचं बघून घ्या. प्रमाण एकास बारा. ओटा ४५ सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्प ५.४ मीटर, म्हणजे जवळपास १८ फूट लांब हवा. बऱ्याच शाळांतला रॅम्प मोटारसायकल चढवायला बांधल्यासारखा उभा असतो. तो तोडून घेणं तुमच्या हातात नसतं, पण शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा आकडा लेखी देता येतो.

बोलण्यासाठी: आधी सहा कार्डं

बोलता न येणाऱ्या किंवा थोडंच बोलणाऱ्या लेकरासाठी बाजारातला चाळीस चित्रांचा तक्ता घेऊ नका. त्यात सफरचंद असतं. मराठवाड्यातल्या बालाघाटाच्या डोंगरातल्या लेकरानं सीताफळ पाहिलेलं असतं, तोडलेलं असतं, त्याच्या बिया अंगणभर थुंकलेल्या असतात. मोबाइलवर त्याच्याच वस्तूंचे फोटो काढा: त्याचा स्टीलचा पेला, शाळेच्या संडासाचं दार, डब्यातली भाकरी. मागे एकरंगी कापड धरा, नाहीतर पेल्यापेक्षा मागची खिडकीच त्याच्या लक्षात राहते.

सुरुवातीची सहा कार्डं: पाणी, शू, दुखतंय, अजून, पुरे, नको. "नको" हे कार्ड बहुतेक जण करतच नाहीत. मग नको म्हणायला लेकराकडे चावणं आणि ढकलणं एवढंच उरतं, आणि आपण त्याला हट्टी ठरवतो. कार्डावर शब्द घरात बोलतात तोच लिहा. तांड्यावरच्या घरात गोरबोली असते, तिथे भाकरी ही बाटी असते. कुणाच्या घरी उर्दू. आईला विचारून लिहिलेला शब्द लेकरू संध्याकाळी घरीही ऐकतं.

कार्ड साडेसात सेंटिमीटर चौरस पुरे. लॅमिनेशन १२५ मायक्रॉनचं घ्या. कार्डं तोंडात घालणारं लेकरू असेल तर २५० चं. फोटोच्या चारी बाजूंनी ३ मिलिमीटर प्लॅस्टिकची कड सोडून कापा. अगदी कडेला कापलं की लाळ आत शिरते आणि आठवड्यात कार्ड फुगतं. कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा डोळ्याला लागतो.

वेलक्रोची मऊ बाजू पट्टीवर, खरखरीत बाजू कार्डामागे, आणि सगळ्या खोल्यांत हाच नियम. एखाद्यानं उलटं लावलं की शेजारच्या वर्गातली कार्डं तुमच्या पट्टीवर बसत नाहीत. चिकटवायच्या वेलक्रोचा गोंद पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मे महिन्यांत पातळ होतो आणि पट्टी सगळ्या कार्डांसकट खाली येते. म्हणून मऊ पट्टी रेक्झिनवर शिंप्याकडून शिवूनच घ्यावी. लातूरच्या गंजगोलाईत किंवा संभाजीनगरच्या गुलमंडीत वेलक्रो मीटरवर मिळतो. १० मीटर मऊ आणि ५ मीटर खरखरीत एवढ्यात एका खोलीचं वर्ष निघतं.

त्याच पट्टीवर दिवसाचा क्रम लावता येतो. वरून खाली पाच कार्डं: प्रार्थना, टेबलावरचं काम, पाणी, खेळ, खिचडी. एक काम झालं की कार्ड लेकरानं स्वतः काढून "झालं" लिहिलेल्या डब्यात टाकायचं. काम टाळणाऱ्या लेकरासाठी दोनच खणांची "आधी–मग" पट्टी पुरते: आधी चार मणी, मग झोका. "मग" मध्ये लावलेली गोष्ट लगेच द्यावी लागते. झोका तुटलेला असेल तर ते कार्ड सकाळीच काढून ठेवा. एकदा फसवलं की पट्टीवरचा विश्वास जातो.

हातांसाठी

इथे पैसे सगळ्यात कमी लागतात, आणि खरेदी सगळ्यात जास्त इथेच होते. १० लेकरांसाठी पुरेसं साहित्य असं: अडीच सेंटिमीटरचे लाकडी मणी ६० आणि बुटाच्या लेस १०, कपड्यांचे चिमटे ३ डझन, मोठे नट-बोल्ट १० जोड्या, झाकणं फिरवायचे प्लॅस्टिकचे डबे ८, जाड खडू, तीनकोनी पेन्सिली २ डझन, टोकाला गोल असलेल्या कात्र्या ४, त्यांतल्या दोन आपोआप उघडणाऱ्या. लेसचं टोक झिजलं की मणी ओवला जात नाही आणि लेकरू कंटाळतं. टोक मेणबत्तीच्या मेणात बुडवून घ्या.

मळायचा गोळा घरीच करा. २ वाट्या मैदा, १ वाटी मीठ, २ चमचे तेल, चिमूटभर हळद आणि पाऊण ते एक वाटी कोमट पाणी लागेल तसं. ज्वारीचं पीठ घरोघरी असलं तरी चालत नाही, त्याला ताण नसतो. गोळा ओढला की तुटतो, भुगा होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात गोळा हिवाळ्यात आठ-दहा दिवस राहतो, उन्हाळ्यात चार. आंबूस वास आला की टाकून द्या. हाताला जखम असेल तर मीठ झोंबतं, आधी बोटं बघून घ्या. खाणारं लेकरू असेल तर हा गोळा नकोच, इतकं मीठ पोटात जाणं वाईट. त्याला साध्या कणकेचा, बिनमिठाचा, रोज ताजा गोळा द्या.

पकड कमजोर असेल तर चमच्याच्या दांड्यावर सायकलच्या हॅण्डलची रबरी मूठ चढवा. आत कापड कोंबलं की चमचा फिरत नाही. ताटाखाली ओला पंचा टाकला की ताट सरकत नाही. लिहिण्यासाठी बॉक्स फाइल आडवी ठेवा, जाड कड पुढे आणि पातळ कड लेकराकडे. झाली उतरती फळी. कागद वर क्लिपनं पकडायचा. मनगट आपोआप वर उचलतं आणि अक्षरावरचा हात हलका होतो.

गुंड्या लावायच्या चौकटीबद्दल एक सांगायलाच हवं, कारण ती जवळपास प्रत्येक कपाटात असते. चौकट टेबलावर ठेवली की गुंड्यांची बाजू समोरच्या माणसाच्या सदऱ्यासारखी दिसते, म्हणजे लेकराच्या अंगातल्या सदऱ्याच्या बरोबर उलटी. लेकरू चौकटीवर पटपट गुंड्या लावायला शिकतं आणि सदऱ्याशी आलं की अडतं. त्यापेक्षा एक जुना, मोठ्या मापाचा सदरा घ्या, त्याच्या गुंड्या काढून अडीच सेंटिमीटरच्या लावा, काजं शिंप्याकडून मोठी करून घ्या आणि लेकराच्या कपड्यांवरून तो घाला. शिकवताना शेवटाकडून या. गुंडी काजात अर्धी घालून द्या, फक्त ओढायचं काम लेकराचं. ते जमलं की एक पायरी मागे. प्रत्येक वेळी शेवट त्याच्या हातून होतो, म्हणून ते पुन्हा करायला तयार होतं.

पैसे शिकवायला खेळण्यातल्या नोटा घेऊ नका. खरे १, २, ५, १० चे सुटे ठेवा आणि आठवडी बाजारात नेऊन खर्च करा.

दिसत नसलेल्या आणि कमी दिसणाऱ्या लेकरांसाठी

ब्रेल पाटी आणि टोचणी प्रत्येकाची स्वतंत्र हवी, वर दोन टोचण्या जास्तीच्या. कागद जाड, १२० ते १४० जीएसएमचा. साध्या वहीच्या कागदावर टिंब फुटतं आणि बोटाला भोक लागतं, अक्षर लागत नाही. पाटीवर लिहिणं उजवीकडून डावीकडे होतं, कागद उलटला की वाचणं डावीकडून उजवीकडे. याचा गोंधळ टाळायला आधी मोठा नमुना हवा. अंड्यांच्या ३० च्या ट्रेचे दोन बाय तीन असे पाच तुकडे होतात. एकेका तुकड्यात सहा खळगे, डाव्या रांगेत वरून खाली एक-दोन-तीन, उजव्या रांगेत चार-पाच-सहा; त्यात मुठीत मावणारे कागदाचे बोळे. "अ" म्हणजे फक्त पहिला खळगा, "क" म्हणजे पहिला आणि तिसरा. बोटांना जागा कळली की मग पाटी.

गणितासाठी टेलर फ्रेम, म्हणजे भोकांत टाइप (छोटे खिळे) खोचून आकडे मांडायची पाटी. त्याचे शिशाचे टाइप बारीक असतात आणि हरवतात. फ्रेम कड असलेल्या मोठ्या ताटात ठेवा. पडलेला टाइप वाजतो आणि ताटातच सापडतो. शिसं विषारी, म्हणून तास झाला की साबणानं हात धुणं सक्तीचं, आणि वस्तू तोंडात घालणाऱ्या लेकराला ही फ्रेम द्यायची नाही. त्याला मण्यांचा अबॅकस द्या.

कमी दिसणाऱ्या लेकराला खिडकीकडे तोंड करून बसवू नका, उजेड पाठीमागून किंवा बाजूनं यावा. चकचकीत लॅमिनेशन त्याच्यासाठी आरसा असतो, मॅट वापरा. काळ्या कार्डशीटमध्ये एका ओळीएवढी खाच कापून ती पुस्तकावर ठेवली की ते एकच ओळ बघतं. खर्च काहीच नाही आणि परिणाम पहिल्याच दिवशी दिसतो.

ऐकू कमी येणाऱ्या लेकरांसाठी

लेकरू कानात यंत्र घालून येतं म्हणजे त्याला ऐकू येतं, असं धरून चालू नका. रोज सकाळी दोन मिनिटं तपासणी. त्यासाठी बॅटरी टेस्टर, यंत्राचा आवाज आपल्याला ऐकवणारी स्टेथोसेट नळी, फुंकणी, सिलिका जेलचा डबा आणि जास्तीचे सेल एवढं एका डब्यात. मग लेकराच्या मागे उभं राहून सहा आवाज: म, ऊ, आ, ई, श, स. आधी एका मीटरवरून, मग तीन मीटरवरून. ऐकू आला की त्यानं एक मणी डब्यात टाकायचा. तोंडावर हात धरून आवाज काढू नका, हातानं "श" आणि "स" दबतात. रोज ऐकणारं लेकरू आज "स" ला हललं नाही, तर सेल उतरला आहे, यंत्राच्या कानात बसणाऱ्या साच्यात मळ आहे किंवा कान वाहतो आहे.

कानामागच्या यंत्राचे सेल हवेवर चालतात. चिकटपट्टी काढली की तो खर्चायला लागतो. परत चिकटवून उपयोग नाही. पट्टी काढून मिनिटभर थांबा, मग यंत्रात घाला. रात्री यंत्र सिलिकाच्या डब्यात ठेवताना सेल बाहेर काढा, नाहीतर सेलही वाळतो. आवाजासाठी आणखी एक स्वस्त उपाय: सगळ्या बाकांच्या पायांना ट्यूबचे तुकडे. बाक ओढल्याचा कर्कश आवाज यंत्रातून कैकपट होऊन कानात जातो.

धोक्याच्या जागा

हरभरा, तूर, शेंगदाणे वर्गात सुटे नकोत. नाकात गेलेला दाणा ओलाव्यानं फुगतो आणि अडकतो. धान्यात हात घालायचा खेळ घ्यायचाच असेल तर एका वेळी एक लेकरू आणि शेजारी एक मोठं माणूस. नुसतं बघायला, वाजवायला असेल तर बाटलीत भरून झाकण एम-सीलनं पक्कं करा.

आवाज करणाऱ्या खेळण्यांतले बटण सेल काढून टाका किंवा झाकणाला स्क्रू आहे याची खात्री करा. गिळलेला सेल अन्ननलिकेत दोन तासांत जाळायला लागतो, "उद्या बघू" चालत नाही. सेल कानात किंवा नाकात गेला तरी तीच घाई.

फिट येणाऱ्या लेकरासाठी भिंतीवर सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि हाताशी पातळ गादी. आली की घड्याळ बघा, कुशीवर वळवा, आजूबाजूची बाकं सरकवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही नाही. कांदा नाही, चप्पल हुंगवणं नाही. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा थांबून लगेच दुसरी आली, तर १०८.

संडासाच्या कोपऱ्यात प्रत्येकाचा कपड्यांचा एक जोड नाव घालून, साबण, हातमोजे, जाड प्लॅस्टिक आणि पडदा. पडदा विसरू नका, चौदा वर्षांच्या लेकरालाही लाज असते. टँकरवर चालणाऱ्या गावात या कोपऱ्यासाठी झाकणाचं २०० लिटरचं पिंप वेगळं ठेवावं लागतं आणि त्याला हात लावायचा नाही हे सगळ्या शाळेला सांगावं लागतं.

नोंदी आणि मागणी

वर्षभर टिकणाऱ्या वस्तू डेडस्टॉकला. मणी, खडू, सेल, लॅमिनेशन, वेलक्रो हे उपभोग्य साठ्याच्या वहीत. ही विभागणी पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या सहीनं करून घ्या, मोडण्याची निम्मी भीती तिथेच संपते. मोडलेल्या वस्तूचा तारखेसह फोटो, समितीचा ठराव आणि निर्लेखनाचा प्रस्ताव, एवढं केलं की ती वहीतून निघते. वस्तू घरी देण्यासाठी ने-आण नोंद वेगळी.

चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, बौद्धिक अक्षमतेच्या लेकरांसाठीचा शैक्षणिक संच यासाठी केंद्राची एडिप योजना आहे. मोजमापाची शिबिरं भरतात. गटसाधन केंद्रात यादी आधीच देऊन ठेवा. यूडीआयडी कार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला आणि फोटो यांच्या दोन-दोन प्रती प्रत्येक लेकराच्या पाकिटात तयार असू द्या. शिबिराच्या सकाळी झेरॉक्सला रांग लागते आणि लाइट जाते. मोजमाप आणि वाटप यांत महिने जातात, म्हणून खुर्ची मिळाल्यावर पुन्हा टेप लावून बघा. बसत नसेल तर त्याच दिवशी लेखी कळवा, सही करून घरी नेऊ देऊ नका.

ऊसतोडीला जाणाऱ्या लेकराची पिशवी

बीड आणि शेजारच्या तालुक्यांत दिवाळीच्या आगेमागे निम्मा वर्ग मोकळा होतो. लेकरू आईबापासोबत कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीवर, जातं आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परत येतं. वर्गातलं साहित्य त्याच्यासोबत जायला हवं, म्हणून दिवाळीच्या सुट्टीआधी एक पिशवी भरा. सहा कार्डं दोरीत ओवून, दोन संच, कारण एक फडात हरवतोच. मूठ चढवलेला चमचा. लेस आणि दहा मणी. फिटचं औषध चालू असेल तर चिठ्ठीची लॅमिनेट केलेली प्रत आणि गोळ्या किती दिवस पुरतील त्याचा हिशेब. श्रवणयंत्र असेल तर सेल: एक सेल साधारण दीड-दोन आठवडे चालतो, म्हणजे पाच महिन्यांना एका कानाला १५ धरा, दोन कानांना ३०. आईला सेल बदलून दाखवायला सांगा, तिनं स्वतः तीनदा बदलल्याशिवाय पिशवी देऊ नका.

लेकरू परतलं की वही काढून पहिल्या पानावरचं माप पुन्हा घ्या. पाय एका फळीच्या जाडीएवढा वाढलेला असला, तर खुर्चीखालच्या पाटातली एक फळी काढायची वेळ आली.